भंगारात देण्याआधी प्रोसेसरला विचारा

२०२५ च्या दिवाळीच्या आठवडाभर आधी, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सांभाळ थांबवला. त्या दिवशी कोणाचा संगणक बंद पडला नाही. बटण दाबले की तो नेहमीसारखाच सुरू झाला. पण सुरक्षेतली जी भगदाडे दर महिन्याला बुजवली जात होती, ती बुजवण्याचे नेहमीचे काम संपले. ठरावीक अटींवर एका वर्षाची वाढीव मुदत मिळाली, एवढेच. विंडोज ११ घ्यावे, तर त्याला साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम नावाची सुरक्षेची सोय लागते. म्हणजे त्याआधीचा संगणक कितीही धडधाकट असला, तरी कंपनीच्या हिशेबी तो बाद.

आपल्या सोलापुरात असे बाद ठरलेले संगणक घरोघरी आहेत. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली आणि पुढे नोकरीच्या अर्जासोबत तिचे प्रमाणपत्र मागितले जाऊ लागले. तेव्हापासून नई जिंदगी असो, बेगम पेठ असो की विजापूर वेस, लोकांनी पोटाला चिमटा काढून, हप्ते भरून मुलांसाठी संगणक घेतले. आज त्यांच्यावर चादर झाकलेली असते आणि चादरीवर इस्त्रीचे कपडे.

आमच्या घरीही असाच एक होता. त्याची गरज पडली ती आमच्या भाचीमुळे. कॉलेजचे दुसरे वर्ष, चाळीस पानांचा प्रोजेक्ट, शिष्यवृत्तीचा अर्ज, पुढच्या परीक्षांचे फॉर्म. मोबाइलवर फॉर्म कसाबसा भरता येतो, पण चाळीस पाने लिहिता येत नाहीत. नेट कॅफेत ताशी पैसे जातात, संध्याकाळी उशीर झाला की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो, आणि आधार कार्ड व मार्कशीट परक्या संगणकावर राहून जातात ते वेगळेच. एका दुकानात विचारले, तर उत्तर मिळाले, “प्रोसेसर जुना आहे, यात काही होणार नाही, भंगारात द्या.” नव्या लॅपटॉपची किंमत ऐकून अब्बा गप्प बसले.

या विषयावर लिहावेसे वाटले ते त्या उत्तरामुळे. प्रोसेसर जुना आहे म्हणजे नेमके काय? किती जुना? त्याला काय येते आणि काय येत नाही? हे विचारल्याशिवाय कोणत्याही संगणकाचा निकाल लावू नये. विचारले तर पुष्कळ संगणकांवर आजची, दुरुस्त्या मिळत राहणारी लिनक्स प्रणाली बसते, तीही फुकट. काहींवर मात्र बसत नाही, आणि तेही आधीच कळलेले बरे.

मागाला कळते तेवढेच

प्रोसेसर म्हणजे काय, हे सोलापूरकरांना समजावून सांगणे सोपे आहे, कारण त्याचा पूर्वज आपल्या कारखान्यांत रोज खडखडतो. सोलापुरी चादरीवरची नक्षी जॅकार्डच्या मागावर विणली जाते. फ्रान्समधल्या लियॉ शहरातल्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास हा माग सिद्ध केला. पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडलेली असतात. जिथे भोक असेल तिथला हुक वर जातो, त्याच्याबरोबर ताण्याचा धागा उचलला जातो, आणि भोकांच्या क्रमाप्रमाणे नक्षी उमटत जाते. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने आपल्या गणनयंत्रासाठी कार्डांची ही कल्पना याच मागावरून उचलली. आजच्या संगणकाचे घराणे तिथपर्यंत जाऊन पोहोचते.

आता समजा, जास्त हुकांच्या नव्या जॅकार्डसाठी कापलेली कार्डे कमी हुकांच्या जुन्या जॅकार्डवर चढवली. नक्षी बिघडेल, किंवा कार्डे बसणारच नाहीत. माग मोडलेला नाही, कार्डेही चांगली आहेत, पण दोघांचा मेळ नाही. त्या मागाला त्याच्या मापाची कार्डे दिली, तर तो आजही उत्तम चादर विणतो.

प्रोसेसरचे तसेच आहे. प्रत्येक प्रोसेसरला ठरावीक आज्ञा कळतात. बेरीज कर, इथले तिथे ठेव, याची त्याच्याशी तुलना कर, अशा त्या अगदी बारीक आज्ञा असतात. दर काही वर्षांनी नव्या प्रोसेसरमध्ये नव्या आज्ञांची भर पडते. नवी प्रणाली तयार करणारे ठरवतात की, अमुक वर्षानंतरच्या आज्ञा सगळ्यांकडे आहेत असे आम्ही धरून चालणार. ज्या प्रोसेसरला त्या कळत नाहीत, तो तिथेच अडतो. “जुना प्रोसेसर” या दोन शब्दांचा खरा अर्थ एवढाच आहे. वेग हा त्याच्या नंतरचा प्रश्न.

विचारायच्या तीन गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे प्रोसेसर ३२ बिटचा आहे की ६४ बिटचा. घरगुती संगणकांत ६४ बिटचे प्रोसेसर एएमडीने २००३ मध्ये आणले. इंटेलचा कोअर टू ड्युओ २००६ मध्ये आला, तोही ६४ बिटचा. म्हणजे २००७ नंतर घेतलेले बहुतेक डेस्कटॉप ६४ बिटचे असतात. अपवाद आहे तो छोट्या नेटबुकांचा. २००८ मध्ये आलेला आणि त्या काळी नेटबुकांत सर्रास दिसणारा इंटेल अ‍ॅटम एन २७० हा ३२ बिटचा आहे.

इथे एक फसगत होते. प्रोसेसर ६४ बिटचा असूनही दुकानदारांनी त्यावर ३२ बिटची विंडोज टाकलेली असते. विंडोजमध्ये सिस्टिमचे पान उघडले की दोन्ही माहिती एकाच ओळीत दिसते. ऑपरेटिंग सिस्टिम ३२ बिट असे लिहून पुढे “एक्स ६४ प्रोसेसर” असे असेल, तर प्रोसेसर ६४ बिटचाच आहे. आमच्या घरचा संगणक असाच निघाला. इतकी वर्षे तो आपल्या निम्म्या अंगानेच काम करत होता.

दुसरी गोष्ट म्हणजे ६४ बिटमध्येही पायऱ्या आहेत. कंपन्यांच्या सर्व्हरसाठी असलेल्या रेड हॅटच्या प्रणालीने २०२२ मध्ये आलेल्या नवव्या आवृत्तीपासून दुसऱ्या पायरीचा प्रोसेसर सक्तीचा केला, आणि २०२५ मधल्या दहाव्या आवृत्तीने तिसऱ्या पायरीचा. कोअर टू ड्युओ पहिल्या पायरीवरच आहे, त्यामुळे या प्रणाली त्याच्यावर सुरूच होत नाहीत. डेबियन आणि लिनक्स मिंट मात्र आजही पहिली पायरी पुरेशी मानतात. म्हणून कोणी “लिनक्स टाकून पाहिले, चालले नाही” असे सांगितले, तर कोणते लिनक्स, हे विचारावे. लिनक्स हा गाभा आहे. त्याच्याभोवती वेगवेगळ्या मंडळींनी बांधलेल्या प्रणाली अनेक आहेत, आणि त्यांच्या अटीही वेगवेगळ्या आहेत.

तिसरी गोष्ट म्हणजे रॅम किती आहे आणि डिस्क कोणती आहे. घरातल्या माणसांना संगणक हळू वाटतो तो बहुतेक वेळा प्रोसेसरमुळे नव्हे, तर अपुऱ्या रॅममुळे आणि फिरणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कमुळे. या दोन गोष्टी बदलता येतात. प्रोसेसर बहुधा आहे तोच ठेवावा लागतो.

तीन संगणक, तीन निकाल

गेल्या काही महिन्यांत आमच्या हाताखालून तीन संगणक गेले. तिन्हींचे उत्तर वेगळे आले, म्हणून ते सविस्तर सांगतो.

पहिला आमच्या घरचाच डेस्कटॉप. प्रोसेसर कोअर टू ड्युओ, रॅम २ जीबी. आम्ही रॅम ४ जीबी केली. जुन्या डीडीआर-२ च्या पट्ट्या दुरुस्तीच्या दुकानांत वापरलेल्या मिळतात. हार्ड डिस्कच्या जागी एक साधी २४० जीबीची एसएसडी बसवली. मग ९ ऑगस्ट २०२५ ला आलेली डेबियन १३ ही प्रणाली, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपसह टाकली. खर्च झाला तो एसएसडी आणि रॅमचा. प्रणालीला एक पैसाही पडला नाही. आता बटण दाबल्यापासून मिनिटभरात काम सुरू करता येते. लिबर ऑफिसमध्ये प्रोजेक्ट लिहिणे, पीडीएफ करणे, फॉर्म भरणे, छपाई करणे ही सगळी कामे होतात. व्हिडिओ मध्यम दर्जावर ठेवला, तर न अडखळता चालतो. निकाल: अभ्यासासाठी पूर्ण उपयोगी.

दुसरे आमच्या खालाजानचे छोटे नेटबुक. उर्दू शाळेत शिकवत असताना त्यांनी ते हौसेने घेतले होते. प्रोसेसर अ‍ॅटम एन २७०, म्हणजे ३२ बिट, आणि रॅम १ जीबी. इथे वाट अरुंद आहे. डेबियनने जून २०२३ मधल्या बाराव्या आवृत्तीनंतर ३२ बिटच्या संगणकावर नव्याने बसवण्याची सोय बंद केली. उबुंटूने ती त्याच्याही बरीच आधी बंद केली होती. म्हणून बाराव्या डेबियनवर बेतलेली अँटीएक्स २३ ही ३२ बिटची प्रणाली निवडली. ती मुळातच जुन्या, अशक्त यंत्रांसाठी बांधलेली आहे. रॅम २ जीबी केली, कारण या नेटबुकला त्याहून जास्त चालत नाही. लिहिणे, वाचणे, तिलावत ऐकणे, ईमेल पाहणे एवढे ते नीट करते. एका वेळी दोन-तीन वेबपाने उघडली की मात्र दमते.

त्यातही एक मुदत डोक्यावर आहे. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने २०२५ मध्ये जाहीर केले की, ३२ बिट लिनक्ससाठी १४४ ही शेवटची आवृत्ती. ज्यांना पुढे वापरायचे असेल त्यांनी १४० ची दीर्घकालीन आवृत्ती घ्यावी, तिला किमान सप्टेंबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील. गुगलच्या क्रोमने ३२ बिट लिनक्सची साथ २०१६ मध्येच सोडली. म्हणून या नेटबुकवर बँकेचे काम करायचे नाही, असे खालाजानना पहिल्याच दिवशी सांगितले. त्या हसून म्हणाल्या, “बेटा, मला फक्त लिहायचे आहे.” निकाल: लिहिण्यावाचण्यापुरते उपयोगी, तेही ठरावीक काळ.

तिसरा शेजारच्या चाचांचा पेंटियम ४. रॅम ५१२ एमबी, डिस्क रुंद पट्टीच्या केबलची. त्यावरही अँटीएक्स सुरू झाली. चाचा खूश झाले. पण ब्राउझर उघडायला लागलेल्या वेळात चहा पिऊन झाला. शिवाय त्या पिढीतले काही पेंटियम ४ एकट्या प्रोसेसरसाठी ८४ वॅट किंवा त्याहून जास्त वीज खर्चतील असे धरून बनवलेले आहेत. खालाजानच्या अ‍ॅटमचा हाच आकडा अडीच वॅट आहे. एवढी वीज खाऊन एवढेसे काम करणारा, सोलापूरच्या उन्हाळ्यात खोली आणखी तापवणारा संगणक कशासाठी ठेवायचा? त्यातली जुनी छायाचित्रे पेन ड्राइव्हवर काढून चाचांना दिली आणि संगणक काढून टाकायला सांगितले. निकाल: प्रणाली बसते, पण ठेवण्यात फायदा नाही.

खैराटचा हिरवा लॅपटॉप

जुन्या प्रोसेसरचे दुखणे किती बारीक असू शकते, याचे एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप मिळावा, अशी एक मोहीम अमेरिकेतून निघाली होती. तिचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट गावच्या एका लहानशा शाळेत झाला. हिरव्या-पांढऱ्या रंगाचा, मुलांच्या हातात मावणारा तो एक्सओ लॅपटॉप. त्यात एएमडीचा जिओड नावाचा ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, आणि प्रणाली अर्थातच लिनक्स. आदिवासी पाड्यांच्या आणि धनगरवाड्यांच्या त्या डोंगराळ भागातल्या मुलांसाठी संगणक दारात येणे ही मोठीच गोष्ट होती.

या जिओड प्रोसेसरचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. त्याला बाकी पुष्कळ आज्ञा कळतात, पण एक कळत नाही. त्या आज्ञेचा अर्थ आहे “काहीही करू नको”. काही वेळा प्रोसेसरला क्षणभर रिकामे पुढे सरकवावे लागते, त्यासाठी ती असते. तिचा छोटा प्रकार जिओडला येतो, लांब प्रकार येत नाही. डेबियनच्या अकराव्या आवृत्तीपर्यंत हे चालवून घेतले जात होते. बाराव्या आवृत्तीने लांब प्रकार गरजेचा मानला, आणि जिओड बाहेर पडला. काहीही न करण्याची एक आज्ञा येत नाही, म्हणून प्रोसेसर बाद झाला.

यात कोणाची दुष्टाई नाही. जगभरच्या ज्या लोकांनी ही प्रणाली आपल्या वेळातून उभी केली, त्यांना प्रत्येक जुन्या यंत्रावर ती तपासून पाहावी लागते, आणि तशी यंत्रे व ती जाणणारी माणसे कमी होत जातात. लिनस टोर्वाल्ड्सने १९९१ मध्ये ज्या ३८६ प्रोसेसरच्या संगणकावर लिनक्स लिहायला घेतले, त्याच ३८६ चा आधार डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्समधून काढून टाकण्यात आला. लिनक्सही जुन्यांना कायम सांभाळत नाही. फरक एवढाच की विंडोज ११ सात-आठ वर्षांच्या यंत्रालाही नाकारते, तर डेबियनसारखी प्रणाली वीस वर्षांच्या ६४ बिट यंत्रालाही अजून घरात घेते. शिवाय कोणती आवृत्ती काय मागते हे उघड लिहिलेले असते, म्हणून आधी वाचून ठरवता येते.

एका पडद्यावर मराठी आणि उर्दू

आपल्या घरांचा एक खास प्रश्न आहे. मुले मराठी किंवा इंग्रजी शाळेत, आई कदाचित उर्दू शाळेत शिकलेली, निमंत्रणपत्रिका दोन्ही लिप्यांत. मराठी डावीकडून उजवीकडे जाते, उर्दू उजवीकडून डावीकडे. जुन्या काळी यासाठी मराठीचे एक आणि उर्दूसाठी इनपेजसारखे दुसरे, अशी दोन वेगळी सॉफ्टवेअर लागत.

आजच्या लिनक्समध्ये कीबोर्डच्या यादीत मराठीची इनस्क्रिप्ट मांडणी आहे आणि उच्चाराप्रमाणे चालणारी उर्दूची मांडणीही आहे. दोन्ही निवडून ठेवल्या की दोन कळा एकदम दाबून भाषा बदलता येते. मराठीसाठी लोहित हा मोफत फॉन्ट आहे. तो रेड हॅट कंपनीने खुला केला आणि त्यावर पुण्यात काम झाले. उर्दूसाठी नोटो नस्तालिक उर्दू हा फॉन्ट मोफत मिळतो आणि अक्षरे छापील नस्तालिकसारखी झुकत उतरतात.

ही अक्षरे पडद्यावर जुळवणारा जो भाग आहे, त्याचे नाव हार्फबझ. नाव ऐकताच आमच्या खालाजान म्हणाल्या, “हा तर आपला हर्फ!” खरेच आहे. ते मूळच्या एका इराणी संगणकतज्ञाने दिलेले नाव आहे. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे खुले. मराठीतले जोडाक्षर नीट जोडणे आणि उर्दूतले हर्फ एकमेकांत गुंफणे, ही दोन्ही कामे तोच करतो. लिबर ऑफिस आणि फायरफॉक्स दोन्ही तो वापरतात. नस्तालिकची जुळणी जड असते. अ‍ॅटमवर पाने वाढली की टाइप केलेले अक्षर जरा उशिरा उमटते. खालाजान म्हणून आठ-दहा पानांची एक फाइल अशी वाटणी करून लिहितात.

एक मात्र लक्षात ठेवावे. इनपेजमध्ये केलेल्या जुन्या फाइली इथे सरळ उघडत नाहीत. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले मराठीही त्या फॉन्टशिवाय अगम्य चिन्हांसारखे दिसते. महत्त्वाचा मजकूर विंडोज काढण्यापूर्वी पीडीएफ करून ठेवावा.

बसवताना

सर्वांत आधी घरातली छायाचित्रे, कागदपत्रे, मुलांचे काम दुसऱ्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावे, आणि ते तिथे उघडते का तेही पाहावे. नवी प्रणाली संपूर्ण डिस्कवर टाकली, तर जुने सगळे पुसले जाते.

मग डब्याचे झाकण काढून धूळ काढावी. आमच्या डेस्कटॉपच्या पंख्यात कापसाच्या तंतूंची गादी बसली होती. कारखान्यांजवळच्या घरांत हे हमखास सापडते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीच्या पार जातो. तेव्हा पंखा गुदमरलेला असेल, तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि आपण दोष देतो त्याच्या वयाला. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट दुरुस्ती करणाऱ्याकडून बदलून घ्यावी.

मदरबोर्डवर नाण्याएवढी सीआर २०३२ ही बॅटरी असते. ती संपली की संगणक तारीख विसरतो. तारीख चुकीची असली की सुरक्षित वेबपाने उघडत नाहीत, आणि माणसाला वाटते इंटरनेट बिघडले. ही बॅटरी थोड्या पैशांत मिळते. जुना संगणक उघडलाच आहे, तर ती बदलून टाकावी.

प्रणालीची फाइल तिच्या अधिकृत ठिकाणावरूनच उतरवावी. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. ती फाइल नुसती कॉपी करून चालत नाही, रुफस किंवा व्हेंटॉय यांसारख्या मोफत साधनाने पेन ड्राइव्हवर चढवावी लागते. संगणक सुरू होतानाच एफ १२, एफ ९ किंवा एस्केप यांपैकी त्याची जी कळ असेल ती दाबून पेन ड्राइव्ह निवडावा. फार जुने संगणक पेन ड्राइव्हवरून सुरू होत नाहीत, त्यांना सीडी किंवा डीव्हीडी लागते.

“लाइव्ह” असे लिहिलेली प्रत घेतली, तर डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरूनच प्रणाली चालवून पाहता येते. ही सोय सोडू नये. वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का, हे अर्धा तास वापरून बघावे. डेबियनने बाराव्या आवृत्तीपासून वायफायसारख्या भागांना लागणारे कंपन्यांचे छोटे प्रोग्राम सोबतच द्यायला सुरुवात केली, त्यामुळे पूर्वीची बरीच डोकेदुखी गेली. याच वेळी टर्मिनल उघडून एल-एस-सी-पी-यू ही पाच इंग्रजी अक्षरे लिहून एंटर दाबावे. प्रोसेसरचे नाव, तो ३२ बिटचा की ६४ बिटचा, त्याला कोणकोणत्या आज्ञा येतात, सगळी कुंडली समोर येते.

पाहणी मनासारखी झाली की मगच “इन्स्टॉल” निवडावे. भाषा, वेळ, कीबोर्ड, नाव, पासवर्ड, डिस्क एवढे विचारले जाते. आमच्या डेस्कटॉपवर एसएसडीमुळे हे काम दुपारच्या जेवणाच्या वेळेत आटोपले.

कशाची अपेक्षा नको

लिनक्स टाकले म्हणून जुना प्रोसेसर नवा होत नाही. हिशेबाची टॅली विंडोजसाठीच बनते. काही सरकारी कामांत लागणारी डिजिटल सहीची किल्ली लिनक्सवर चालवणे कटकटीचे जाते. दुकानाचे बिलिंग त्याच सॉफ्टवेअरवर असेल, तर तो संगणक बदलू नये. एमएस-सीआयटी आणि अनेक कॉलेजांचे प्रात्यक्षिक विंडोजवर होते, म्हणून मुलांना दोन्हींची सवय असलेली चांगली. केरळमधल्या सरकारी शाळांतली मुले गेली अनेक वर्षे लिनक्सवरच संगणक शिकतात. तेव्हा मुलांना हे जड जाते, असे मात्र कोणी म्हणू नये. आमच्या भाचीला नव्या पडद्याची सवय व्हायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तीच आम्हाला शिकवू लागली.

ज्यांना स्वतः जमणार नाही, त्यांनी मोहल्ल्यातल्या अभियांत्रिकीच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला विचारावे. एका रविवारी मोहल्ल्यातल्या चार घरांनी आपापले झाकलेले संगणक एकत्र आणले, तर चारपैकी दोन-तीन तरी उभे राहतील, आणि उरलेल्यातली रॅम किंवा डिस्क त्यांच्या कामी येईल. घरात संगणक नसलेल्या एखाद्या विद्यार्थिनीला त्यातला एक देता आला, तर तिचे वर्ष सोपे होईल.

जो खरोखरच चालणार नाही, तो मात्र रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नये. त्यातल्या पाट्या उघड्यावर जाळून तांबे काढले जाते आणि शिशासारखे विष धुरातून व मातीतून आपल्याच वस्तीत राहते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनुसार अशी यंत्रे नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडेच जायला हवीत. देण्यापूर्वी डिस्क काढून घ्यावी.

या महिन्यात एवढेच करून पाहा. घरातला झाकलेला संगणक सुरू करा. प्रोसेसरचे नाव, ३२ की ६४ बिट, रॅम किती आणि डिस्क कोणती, या चार गोष्टी एका चिठ्ठीवर लिहा. कोणत्याही दुकानात जाताना ती चिठ्ठी खिशात असू द्या. मग कोणी “काही होणार नाही” असे म्हटले, तर चिठ्ठी पुढे करून विचारता येईल की, नेमके काय होणार नाही आणि कशामुळे.